पामच्या ओटीवरचा नोड आणि जनाभाऊंची ड्युटी

मंडळी, या सदरातला एकही अनुभव मी चुकवत नाही. पण खरं सांगू का? घाबरण्यासाठी नाही वाचत, करमणुकीसाठी वाचतो. पांढऱ्या साडीतली बाई, पिंपळावरची हाक, उलटी पावलं... वाचतो, खुदकन हसतो आणि बायकोला मोठ्याने वाचून दाखवतो. ती शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणते, "हसा. एक दिवस तुमच्यावरच येईल." जवळच्या पाम गावाच्या रस्त्यावर एक बाई स्कूटरला हात दाखवते, अशी आमच्याकडे मध्यंतरी फार बोलवा होती. मी तिला भेटायला मुद्दाम गेलो. एकदा नाही, अनेकदा. ती काही भेटली नाही. पेट्रोल तेवढं संपलं आणि स्कूटर ढकलत घरी आलो.

तर मी असा माणूस. तरीही आज लिहायला बसलोय, कारण जे झालं ते भर दुपारी झालं, लख्ख उजेडात, तीन माणसांच्या डोळ्यांदेखत. आणि झालं ते एका कॉम्प्युटरच्या बाबतीत! भूतबीत सोडा, ज्याला साधी सर्दीसुद्धा होत नाही अशा वस्तूच्या बाबतीत.

मी राहतो बेटेगावला. बायकोचं बोईसरला शिलाईचं दुकान आहे आणि मी तिचा सन्माननीय डिलिव्हरी बॉय. पण पन्नाशी ओलांडलेल्या या डिलिव्हरी बॉयला पूर्वी मोठा मान होता हो! तारापूर एमआयडीसीत एक कारखाना होता. नाव घेत नाही. आता गेटला कुलूप आहे आणि आत बाभळी माजल्यात. कपड्याच्या रंगासाठी लागणारं एक केमिकल तिथे बनायचं. त्याच्या कंट्रोल रूममध्ये मी पॅनल ऑपरेटर होतो.

काय ती खोली! भिंतभर पॅनल. हिरवे दिवे, लाल दिवे, थरथरणारे काटे, आणि मधोमध कागदाची गुंडाळी हळूहळू सरकवणारा चार्ट रेकॉर्डर. लाल शाईची रेघ तापमानाची, निळी दाबाची. आठ तास त्या दोन रेघांकडे बघत बसायचं. तुम्ही म्हणाल, काय कंटाळवाणी नोकरी! अहो, पलीकडच्या शेडमध्ये रिअॅक्टर खदखदतोय आणि तो कसा आहे हे जगात फक्त तुम्हाला कळतंय... लाल रेघ जराशी उचलली की हात बटणाकडे, खाली आली की जीव भांड्यात. असा थरार मला पुढे कुठल्याच नाटक-सिनेमात मिळाला नाही.

माझ्या आधीच्या शिफ्टला असायचे जनाभाऊ. पामचे. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे, अंगाने काटक, बोलायला कंजूष. शिफ्ट दर आठवड्याला फिरायच्या, पण आमचा क्रम ठरलेला — जनाभाऊ उठायचे आणि मी बसायचो. त्या उठण्या-बसण्याची आमच्या प्लांटमध्ये एक रीत होती. लेखी काय ते असायचंच, पण खरी रीत तोंडी. येणाऱ्याने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवायचा आणि विचारायचं, "काय चालू?" बसलेला सांगणार. मग, "काय बंद?" तेही सांगणार. त्यावर येणाऱ्याने म्हणायचं, "घेतला." म्हणजे चार्ज घेतला. त्यानंतरच बसलेला माणूस उठणार आणि येणारा लगेच बसणार. खुर्ची गार होता कामा नये, हा जनाभाऊंचा शब्द. रिलिव्हर, म्हणजे सोडवायला येणारा, आला नाही तर बसलेला माणूस दुसरी शिफ्टही तिथेच काढायचा, वेळ पडली तर तिसरीही. त्यात कोणाला काही विशेष वाटायचं नाही. चार्ज घेणारा नाही, तर उठायचं कसं?

म्हणजे आमची रोजची भेट ती एवढीच, पाच मिनिटांची. एवढ्यात काय मैत्री होणार, असं वाटेल. पण लग्नं त्याहून कमी बोलण्यावर टिकलेली मी पाहिली आहेत.

मग कंपनी बंद पडली. शेवटच्या दिवशी जनाभाऊ खुर्चीत होते. मी माझ्या वेळेला गेलो. पॅनलवर एकही दिवा नाही, रेकॉर्डरच्या कागदावर दोन्ही रेघा तळाशी सपाट. सवयीने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"काय चालू?"

"काय नाय."

"काय बंद?"

"सगळंच, सद्या."

'घेतला' म्हणायला माझं तोंड उघडेना. घेणार काय? दोघं तसेच खाली आलो, गेटवर वॉचमनच्या हातचा चहा प्यायलो आणि आपापल्या दिशेला गेलो.

पुढे कंपनीचं भंगार निघालं तेव्हा बोईसरच्या एका भंगारवाल्याकडे जनाभाऊंना ती खुर्ची दिसली. काळ्या रेक्झिनची, लोखंडी पायांची. भंगारवाला म्हणाला, "चाचा, इसका स्प्रिंग गया है, दूसरी लो ना." जनाभाऊ म्हणाले, "वो स्प्रिंग हमने ही बिठाया है. बैठ बैठ के." आणि खुर्ची टेम्पोत टाकून पामला घेऊन गेले.

आता पामचं घर डोळ्यांसमोर आणा. एमआयडीसीच्या धुरातून बाहेर पडलं की हवा बदलते, नारळ-चिकूच्या वाड्या लागतात. त्यातल्याच एका वाडीत जनाभाऊंचं कौलारू घर. पुढे ओटी, ओटीवर झोपाळा, आणि झोपाळ्यापासून हातभर अंतरावर ही खुर्ची. जनाभाऊ तिच्यात बसून दिवसभर समोरच्या भिंतीकडे बघायचे. भिंतीवर काही नव्हतं. वहिनी — त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणतो — सांगायच्या, "पालीला पन लाज वाटते ओ भावजी. इतकं तिच्याकडं बघतात."

त्यांची मुलगी मनाली विरारला असते, कॉम्प्युटरमधली इंजिनियर. बापाचं हे भिंत-दर्शन तिच्याने बघवेना. एका रविवारी ती एक खोकं घेऊन आली. आत पत्त्यांच्या कॅटाएवढा उघडा कॉम्प्युटर, साबणाच्या वडीएवढी डिस्क आणि आगपेटीएवढा स्क्रीन. म्हणाली, "पप्पा, हा बिटकॉइनचा नोड."

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बिटकॉइनचे व्यवहार कुठल्या एका बँकेत नोंदलेले नसतात. जगभर हजारो लोकांच्या घरी असे नोड असतात, प्रत्येकाकडे सगळ्या व्यवहारांची पूर्ण प्रत. नव्या व्यवहारांचा एक गठ्ठा आला — त्याला ब्लॉक म्हणतात — की प्रत्येक नोड तो स्वतः तपासतो, बरोबर असला तर ठेवतो आणि शेजाऱ्यांना पाठवतो. गावात एखादी बाई असते ना, कोणी काही सांगितलं तर खात्री करून घेतल्याशिवाय पुढे न सांगणारी? (नसते म्हणा, पण समजा असती तर.) तसं. ब्लॉक साधारण दहा मिनिटांनी एक येतो, पण भरवसा नाही. कधी लागोपाठ दोन, कधी तासभर ठणठणाट. आला की स्क्रीनवरचा आकडा एकाने वाढतो.

जनाभाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "याच्यातून पैसे मिळतात?"

"नाही पप्पा. पैसे मिळवायचं ते वेगळं यंत्र. हा नुसता तपासतो."

"मग बरं हाय. पैसे मिळाले का मालक येतो."

पहिल्यांदा लावल्यावर नोडला अगदी पहिल्यापासूनचे सगळे ब्लॉक उतरवून तपासावे लागतात. त्याला आठवडाभराच्या वर लागला. जनाभाऊंनी मला फोन केला, "सद्या, स्टार्टअप चाललाय. ये." स्टार्टअप! प्लांट सुरू करतानाचा आमचा हा शब्द ऐकून मी स्कूटरला किक मारली ती थेट पामच्या ओटीवर. दोघं त्या आगपेटीसमोर बसलो आणि आकडा चढताना बघत राहिलो. कॉम्प्युटरचा उघडा बोर्ड तापला की जनाभाऊ पुठ्ठ्याने वारा घालायचे. डोळ्यांत तीच चमक, पॅनलसमोरची.

आणि मग, मंडळी, आम्ही शिफ्ट लावल्या! हसा, खुशाल हसा. पहिली शिफ्ट जनाभाऊंची, दुसरी माझी — तीन ते दिवेलागण, कारण दुकानाची कामं उरकून तेव्हाच मला सुट्टी मिळायची. रात्रपाळी रद्द, दोघांचंही वय झालेलं. तीन वाजता मी यायचो, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवायचो.

"काय चालू?"

"नोड चालू, नेट चालू, दहा शेजारी जोडलेले. मगाशी पाऊण तास ब्लॉक नव्हता, आता दोन येऊन गेले."

"काय बंद?"

"काय नाय."

"घेतला."

जनाभाऊ उठायचे आणि हातभर अंतरावरच्या झोपाळ्यावर जाऊन बसायचे. म्हणजे घरी जायचे! आतून वहिनी ओरडायच्या, "आले का तुमी घरी? वाटेत गर्दी होती का?"

"आज बस लवकर मिळाली," जनाभाऊ गंभीरपणे म्हणायचे.

गावात अर्थातच बातमी झाली की जनाभाऊंच्या ओटीवर नोटा छापतात. शेजारणीने वहिनींना विचारलं, सोनं कधी करताय? वहिनी म्हणाल्या, "सोनं जाऊ दे, आदी दोन मानसांचा दिवसभराचा चा परवडू दे." वहिनींनी त्या यंत्राकडे ढुंकून पाहिलं नाही. अकरा वाजता जनाभाऊंचा चहा खुर्चीशेजारच्या स्टुलावर, साडेतीनला आमचा दोघांचा. बस्स. मी एकदा म्हटलं, "वहिनी, बसून बघा तरी." तर म्हणाल्या, "मला कोन बसू देतंय? तुमी एक उठता का दुसरा बसता."

दोनेक वर्षं असं चाललं. माझ्या आयुष्यातली ती फार सुखाची वर्षं. कुठे जायचं नाही, काही मिळवायचं नाही, आणि तरी तीन वाजले की कोणीतरी आपली वाट बघतंय.

मग मी नाशिकला भाचीच्या लग्नाला गेलो. रीतसर रजा सांगून. परत यायच्या आदल्या दिवशी मनालीचा फोन आला. जनाभाऊ गेले. वहिनी वाडीत चिकू काढत होत्या. आल्या तर हे खुर्चीत, मान किंचित एका बाजूला. त्रास झाल्याची काही खूण नाही. पहिल्या शिफ्टमध्येच गेले.

दिवस-कार्य झाल्यावर मनालीच्या लक्षात आलं की नोड थांबलाय. वीज होती, नेट होतं, शेजारी जोडलेले होते, पण आकडा हलत नव्हता. तिने तपासलं तर शेवटचा ब्लॉक जनाभाऊ गेले त्याच दिवशीचा, त्याच सकाळचा. तिला त्यात काही वाटलं नाही. असे नोड अडकतात म्हणे. लाईट गेली-आली की डिस्कवरची एखादी नोंद बिघडते, मग सगळं परत पहिल्यापासून तपासायला लावायचं. तिने लावलं. आठवडाभराने नोड चढत चढत त्याच आकड्यावर आला आणि थांबला.

तिने डिस्क बदलली. परत सगळं पहिल्यापासून. परत त्याच आकड्यावर ठप्प. मग चार्जर बदलला. शेवटी बोर्डही नवा आणला, म्हणजे जुन्यातलं काही म्हणता काही उरलं नाही. आणि तो नवा कोरा नोड जनाभाऊंच्या खुर्चीसमोर त्याच आकड्यावर येऊन उभा राहिला... पुढे पाऊल टाकायला तयार नाही. तो ब्लॉकच सदोष होता म्हणावं, तर मनालीने विरारच्या फ्लॅटमध्ये तसाच दुसरा नोड लावला, तोच बोर्ड, तोच प्रोग्राम. तो त्या आकड्यावरून असा सरळ पुढे गेला, जणू तिथे काही झालंच नव्हतं.

मी तिला म्हटलं, "समुद्राची खारी हवा. वर एमआयडीसीचा वायू. आपल्याकडे तांब्याची भांडी काळी पडतात, तिथे त्या नाजूक बोर्डाचं काय घेऊन बसलीस?" ती म्हणाली, "काका, दोन वर्षं नाही पडला तो काळा. आणि दर वेळी त्याच एका ब्लॉकवर?" पण उत्तर नसणं वेगळं आणि भूत असणं वेगळं, असं मी तिला ऐटीत सांगितलं.

खरी अडचण नोडची नव्हतीच. खरी अडचण वहिनींची होती. त्या घरात आता एकट्या. मधे एकदा विहिरीजवळ चक्कर येऊन बसल्या. नशीब, शेजारीण बघत होती. मनालीचा जीव थाऱ्यावर नव्हता. नोकरी सांभाळून ती किती वेळा धावणार? तिचं म्हणणं, आई, माझ्याकडे चल. आणि वहिनी ओटीवरून हलायला तयार नाहीत. मनाली रडली, चिडली, अबोला धरला. वहिनींचं एकच.

"त्यांची ड्युटी सुटली नाय अजून. त्याना तसं खुर्चीत टाकून मी कुठं येऊ?"

अकरा वाजता त्या स्टुलावर चहा ठेवायच्या. म्हणायच्या, ठेवला की खुर्चीची स्प्रिंग वाजते. मी म्हणायचो, वहिनी, लोखंड उन्हाने फुगतं, वाजतं. त्या म्हणायच्या, "हां." त्या 'हां'मध्ये जेवढी माझी कीव होती तेवढी माझ्या सासूबाईंनीही कधी केली नाही. त्यांच्या घरातलं मांजर रिकामी खुर्ची दिसली की उडी मारून बसणारं. ते या खुर्चीला वळसा घालून जायचं. हे मी स्वतः पाहिलं. पण मांजराचा काय पुरावा धरायचा?

शेवटी मनाली मला म्हणाली, "काका, आईला वाटतंय पप्पांना कोणी सोडवलं नाही. तुमच्या कंपनीची ती रीत... तुम्ही एकदा करा. खरं-खोटं जाऊ दे. आईचं समाधान झालं तर ती माझ्यासोबत येईल. पुढे कधी परत चक्कर आली आणि कोणी बघायला नसलं तर?"

इतकं म्हटल्यावर मी काय नाही म्हणणार? आणि खरं सांगू, भूमिका मला आवडली. पेटीतून कंपनीचा खाकी गणवेश काढला. शर्टाची बटणं आणि माझं पोट यांची काही वर्षं भेट नव्हती. बायकोने शिलाई उसवून, कशीबशी दोन्ही बाजूंना पट्ट्या जोडून ती घडवून आणली. डोक्यावर पिवळं हेल्मेट. असा मी बेटेगावहून निघालो, बोईसरचा पूल ओलांडला, एमआयडीसीतून गेलो. सिग्नलवर एक तरुण कामगार म्हणाला, "साहब, कंपनी कौनसी?" मी म्हटलं, "बंद है." तो बराच वेळ मागे वळून बघत राहिला.

बरोबर तीनला ओटीवर पाय ठेवला. मनाली उंबऱ्यात, वहिनी आतल्या दारात पदराला हात पुसत उभ्या. मला बघून वहिनींच्या ओठांचा कोपरा हलला. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच असेल. मी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. भरदार आवाजात विचारलं, "जनाभाऊ, काय चालू?"

वाडीत पंप चालू होता. बाकी काही नाही.

"काय बंद?"

स्क्रीनवर तोच आकडा.

"घेतला!" मी म्हटलं आणि वाट पाहिली. पुन्हा म्हटलं. मग जरा घाबरून, जरा लाडीगोडीने म्हटलं, "भाऊ, रजेवर होतो हो मी. सांगून गेलो होतो ना? आता आलोय. उठा." एवढा वेळ मी नाटक करत होतो, मंडळी. नाटक कुठे संपलं ते मलाच कळलं नाही. हेल्मेट काढून झोपाळ्यावर बसलो. खुर्चीत बसायचा धीर झाला नाही, हे आज कबूल करायला हरकत नाही.

आकडा हलला नव्हता. मनाली माझ्याजवळ आली, हळूच म्हणाली, "जाऊ दे काका."

तेवढ्यात वहिनी बाहेर आल्या. आल्या त्या चिडून.

"काय बोललात तुमी त्याना? परत सांगा."

मी सांगितलं. काय चालू, काय बंद, घेतला. माझ्या तोंडून ती रीत तेव्हा अगदीच पोरकट वाटली.

"एवढंच?" वहिनी म्हणाल्या. "एवढ्यासाठी जनमभर मी जेवन झाकून बसले?"

आणि त्या खुर्चीमागे गेल्या. ओला हात खुर्चीच्या पाठीवर ठेवला. माझ्यासारखा भरदार आवाज नाही, काही नाही. रोज जसं बोलायच्या तसंच.

"ओ. काय चालू हाय ते चालू राहू दे. बंद काय ते मला माहीत हाय. तुमी उठा आता. सकाळपासून बसलात. घेतला मी."

आणि पुढे येऊन, पदर सावरून, त्या खुर्चीत बसल्या. त्या घरात ती खुर्ची आल्यापासून पहिल्यांदा.

बसल्या आणि दचकल्या. मनालीकडे बघून म्हणाल्या, "गरम हाय गो."

मनाली धावली. वहिनींना जरा पुढे सरकवून तिने रेक्झिनवर हात ठेवला. मग मी ठेवला. मंडळी, ती ओटी उत्तरेला तोंड करून आहे. त्या वेळी तिथे ऊन येत नाही, पत्रा नाही, कौलं उंच आहेत. आणि नुकत्याच टेकलेल्या माणसाच्या उबेने जागा अशी तापत नाही. अगदी कडेपर्यंत ऊब होती. कोणी चांगलं आठ तास बसून आत्ता उठावं, तशी. वीसेक वर्षं शिफ्ट बदलताना ती मी अंगाने ओळखत आलोय.

मी आणि मनाली असे खुर्चीवर वाकलेले असताना स्क्रीनवरचा आकडा एकाने वाढला.

मनालीच्या तोंडून अस्पष्ट किंकाळी निघाली. पुन्हा एक. मग पाच-सहा. मग आकडे असे सुटले की वाचता येईनात... मधले सगळे राहिलेले ब्लॉक नोड घटाघटा पीत सुटला. दिवेलागणीच्या बऱ्याच आधी तो जगाच्या बरोबरीला आला होता. वहिनी खुर्चीतून हलल्या नाहीत. त्यांनी आकड्याकडे पाहिलंच नाही; वाडीतून रस्त्याकडे जाणाऱ्या पायवाटेकडे बघत होत्या. बराच वेळ. मग म्हणाल्या, "गेले."

मी पुढे मनालीच्या मागे लागलो, काहीतरी शास्त्रीय सांग बाई. ती म्हणाली, नेटच्या कंपनीने त्या दिवशी काही बदललं असेल. मग म्हणाली, प्रोग्राममधली चूक आपोआप सुटली असेल. मग म्हणाली, "काका, मला नाही माहीत. आणि खुर्चीचं तर विचारूच नका." इंजिनियर बाईने तीन वाक्यांत हात टेकले. माझंही तेच. बिटकॉइनवाल्यांच्या एका मोठ्या ग्रुपवर मी सगळा प्रकार टाकला, खुर्ची वगळून. त्यांनी प्रोग्रामचा आवृत्ती क्रमांक विचारला, बोर्डाचा फोटो मागवला, आणि मग गप्प झाले. एकाने लिहिलं, "असं होऊ शकत नाही." मी त्याला लिहिलं, "मलाही तेच म्हणायचंय."

मला सोडवायला ते उठले नाहीत, वहिनींसाठी उठले — याची टोचणी होती का? होती. आठवडाभर होती. आता वाटतं, मी रोज त्यांना सोडवायचो ते हातभर अंतरावर जायला. या वेळी लांब जायचं होतं. ती परवानगी माझ्याकडे नव्हतीच.

आता मुद्द्याचं. त्या दिवशी मनाली लगेच बॅग भरायला उठली. "आई, झालं ना? आता चल."

वहिनी म्हणाल्या, "कुठं? मी ड्युटीवर हाय."

त्यावरून मायलेकींची जी जुंपली ती मी झोपाळ्यावर बसून मन लावून ऐकली. शेवटी तह झाला. वहिनी पामलाच राहतील, पण महिन्यातले काही दिवस विरारला जातील. शेजारीण सकाळ-संध्याकाळ डोकावेल. चक्कर येते म्हणून डॉक्टरांना दाखवतील, गोळी चुकवणार नाहीत. पहिली शिफ्ट वहिनींची, दुसरी माझी. आता मी तीन वाजता जातो तेव्हा त्या रीतसर सगळं सांगतात, वर माझ्या उशिराचं कारण विचारतात. जनाभाऊंनी कधी विचारलं नव्हतं.

हे लिहितोय तेव्हा वहिनी विरारला आहेत, तह पाळायला. परवा गेल्या. मी पामच्या ओटीवर बसून मोबाईलवर टाइप करतोय. मघाशी त्यांचा फोन आला होता. म्हणाल्या, "भावजी, मनालीचा नोड पन चालतो. चांगला चालतो. पन समोर बसलं का मेलं नुसतं यंत्र वाटतं. मी उद्या येते."

लगेच मनालीचा फोन. "काका, अहो दोन दिवस झाले नाहीत! तिला जरा समजवा ना. तुमचं ऐकते ती. काय सांगू मी तिला?"

मी म्हटलं, "बोईसरला थांबणाऱ्या गाडीची वेळ सांग."